वजनावर की मापावर

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला सांग, फाटकापासून दारापर्यंतची वाट या महिन्यात होते. अंगणातल्या चिखलावर खडी टाकायची, एवढंच राहिलंय. घोडं पेंड खातंय ते भावात. नाक्यावरचा खडीवाला टनावर देतो आणि पुलापलीकडचा ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने. मेळ बसावा म्हणून एक बादली खडी आणून हिच्या वजनकाट्यावर ठेवली. काटा तेव्हापासून बादलीच्याच वजनावर अडकलाय. ही खूश आहे. हिशेबाने टनावर स्वस्त पडते.

लोभ असू दे, वजनावर की मापावर ते तू ठरव.

तुझा,
भाऊ

१९ फेब्रुवारी

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

औषधाच्या दुकानात बसतोस म्हणून खडीही गोळ्यांसारखी मोजून घेणार का? नमनालाच घडाभर तेल झालं. आईचा खुबा सांधलाय, वॉकर घेऊन घरभर फिरते, पण आमचे जिने तिला उतरवत नाहीत. दिवसभर खिडकीत बसते. म्हणते, इथून खाली खुशाल उचलून न्या, पण लेकाच्या दारात मी माझ्या पायांनी जाणार, कोणाचा हात धरून नाही. तिने बॅग भरली होती. ती आता निम्मी झालीये, कारण रोजचे कपडे त्यातूनच काढते. मला तिच्याकडे बघवत नाही रे.

वहिनीला आमचे आशीर्वाद सांग आणि काटा दुरुस्त करून दे.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाक्यावरच्याने तोलायच्या आधी, धूळ उडू नये म्हणून, खडीवर पाइप सोडला. म्हणजे पाणीही टनावर! तडक पुलापलीकडे गेलो. तिथे शिगोशीग भरलेला ट्रक दारात येईपर्यंत वीतभर बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, माल तेवढाच आहे, रस्त्याने दाबला, भांडायचं तर रस्त्याशी भांडा. असो, वाट झाली. आईला पाठव. तिच्यावाचून घर खायला उठतं. हे तिला सांगू नकोस.

घरच्यांना नमस्कार. माझ्यावर रागावली असलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भाऊ

१५ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

जावई मला फाटकाशी सोडून घाईने परतले, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नसेल. पहिल्याच पावलाला वॉकरचे चारही पाय खडीत रुतले. महिनाभर वजन झालं, माप झालं, पण खडीवर वॉकर चालेल का हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. भाऊचा चेहरा एवढासा झाला. उचलून नेतो म्हणाला. मी नाही म्हटलं आणि तिथेच खुर्ची मागवून बसले. सुनेने चहा आणून दिला. शेवटी त्याने पलंगाच्या फळ्या काढून दारापर्यंत अंथरल्या. त्यांवरून आले, कोणाचा हात न धरता. दारात पोचल्यावर तोच रडला.

आता दोघं जमिनीवर झोपतात. फळ्यांच्या जागी तो सिमेंटची वाट करणार आहे, त्यासाठी दोन दुकानांत भाव विचारून आलाय. म्हटलं, कर सावकाश चौकशी. मला कुठे परत जायचंय?

तुझी,
आई