निळे मान्जू आणि येता गुरुवार

ती. सुमिएताईस,

शूहेइचा कमरेतून वाकून नमस्कार. आमच्या दवाखान्याच्या फाटकाशी हायड्रेंजियाची निळी फुलं पावसाच्या ओझ्यानं माना टाकून उभी आहेत. तुझ्या मात्सुएत तळ्यावर धुकं उतरलं असेल. तुझी तब्येत विचारत नाही, कारण ती मला तुझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. (फोनवर मी ‘आतडं’ म्हटलं की तुझ्या मिठाईच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं, म्हणून हे पत्र.)

ताई, तुझ्या आतड्यातली ती पसरट गाठ आज निरुपद्रवी आहे. तशीच ठेवली तर पुढे तशीच राहील याची खात्री नाही. पोट न फाडता दुर्बिणीतून ती काढता येते. पण ती भिंतीला चिकटून बसली आहे, म्हणून आधी तिच्याखाली सुईनं पाणी भरायचं आणि ती फुगून वर आली की तारेच्या फासात धरून कापायची. पाणी मध्येच जिरलं तर फासात भिंतही सापडते, मग आतड्याला भोक. तेव्हा पाणी कुठलं भरायचं, हाच सगळा प्रश्न. हल्ली मी त्याच पाण्यात तरंगतो आहे. थर ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालतात. डोळे मिटले की गुलाबी बोगद्यात निळं तळं हळूहळू वर येतं, काठावर तू बसलेली असतेस आणि म्हणतेस, शूहेइ, चपला काढून आत ये.

शनिवारी सरावासाठी डुकराचं आतडं यायचं होतं, ते आलंच नाही. माझ्याकडे तुझ्या दुकानातली मान्जूची पेटी होती (आतड्याचं नाव काढल्यापासून मला तू दारात उभं करत नाहीस, म्हणून आमच्या कोझोनो नर्सला पाठवून आणवली). काचेसारखी साल, आत पुरण. यापेक्षा चांगलं आतडं कुठे मिळणार? साल आणि पुरण यांच्यामध्ये मी एकात मिठाचं पाणी टोचलं, एकात ग्लिसरीनचं आणि एकात ते महागडं चिकट द्रावण, सगळी निळी करून. मिठाचं पाणी बघता बघता ओघळलं. ग्लिसरीनवालं थोडा वेळ तग धरून बसकलं. चिकटवालं मात्र तुझ्यासारखं ताठ उभं. मी समाधानानं हात धुवायला गेलो.

परत येतो तो आमचे मोठे साहेब, इगाराशी सर, तेच चिकटवालं तोंडात टाकत होते! चहाच्या टेबलावर पेटी म्हणजे कुणीतरी सगळ्यांसाठी आणलेला खाऊ, हा आपला रिवाज. आणि साहेब खात असताना त्यांना अडवायचं नाही, हाही रिवाजच. सगळा विभाग बघत उभा. साहेब म्हणाले, ‘‘वा! हायड्रेंजियाचा मोसम आला म्हणायचा. रंग काय साधलाय! गोडी जरा बेताची.’’ आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, ‘‘हो ना, सर.’’ मग ते निळ्या जिभेनं पेशंटच्या नातेवाइकांना धीर द्यायला गेले.

संध्याकाळी मला राहवलं नाही. खरं सांगून टाकलं आणि वाकलो तो वर बघवेना. साहेबांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, ‘‘तुमच्या ताईंसाठी तेच घ्या. माझ्या पोटात अजून ताठ उभं आहे.’’ येत्या गुरुवारी तुझी गाठ ते स्वतः काढणार आहेत.

तब्येतीला जप, हे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुझा,
शूहेइ

ता. क. साहेबांना पुढच्या महिन्यातल्या चहाच्या बैठकीसाठी निळे मान्जू हवेत. मी हो म्हणून बसलो आहे. ते सुईनं होणार नाहीत, तुलाच करावे लागतील.

आणखी एक. साहेबांनी सहज विचारलं, ताईंनंतर हे मान्जू कोण करणार? आई गेल्यापासून माझं घर म्हणजे तूच. मला भीती वाटते, ताई. गुरुवारी ये. घरच्या माणसावर दुर्बीण धरायची मला मुभा नाही, पण निळ्या पाण्याची सुई मीच धरणार आहे.

शेवटचं. आतडं रिकामं हवं, म्हणून बुधवारी पुरण चाखायचंसुद्धा नाही. आणि आली नाहीस, तर नोकरी सोडून मी दुकानात येऊन बसेन आणि पुरण माझ्या हातचं विकेन. माझं पुरण तू एकदा खाल्लं आहेस.