मुंगीला दिसणारी कड

सोमवार, १४ नोव्हेंबर

चि. ताईस,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कालपासून कमी दुखतो. आज सकाळी एका कपाटाच्या झडपा बसवून दिल्या, घरी येऊन जेवलो, आणि दुपारी कारखान्यात एक पाहुणा आला. धाकट्याच्या लष्करी तुकडीतला मित्र. काठीच्या आधाराने चालतो.

त्याने तिकडची, दोघं तैनात होते तिथली एक गोष्ट सांगितली, ती तुला कळवतो. तिथे एका म्हातारीच्या घराचं दार स्फोटात उडालं होतं. आपल्या धाकट्याने सुट्टीच्या दिवशी खोक्यांच्या फळ्या जोडून नवं केलं. बसवण्याआधी मात्र ते आडवं पाडलं, खालच्या कडेला रंधा मारत बसला, मग तेल पाजत बसला. बाकीचे उन्हात ताटकळलेले. कुणीतरी ओरडलं, "अरे, ती कड बघणार कोण?"

तो म्हणाला, "मुंगी."

ताई, मी स्टुलावरून उठलो आणि नुसता उभा राहिलो. आठवतं ना? कड घासायला लावली की हाच कुरकुरायचा, "बाबा, ती कोण बघतं?" मी म्हणायचो, "मुंगी बघते, आणि नावं ठेवते." या पोराच्या हाताला काही लागलं नाही, असं मी समजत होतो. तोंडावर बोललोही होतो. आणि तिकडे परक्या मुलखात, कुणाच्या सांगण्यावाचून! म्हातारीने म्हणे दहा वेळा उघडून लावून पाहिलं आणि हसली. पुढच्याच आठवड्यात आपला धाकटा मारला गेला. हा मित्र परत निघाला तेव्हाही ते दार न अडकता लागत होतं.

धाकट्याला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी तू मला विचारलंस, निघताना तो कारखान्याच्या दाराशी आला होता ते तुम्हाला कळलं होतं का? मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर तू घरी आली नाहीस.

कळलं होतं. ते दार फुगून अडकायचं, आतून ओढल्याशिवाय उघडायचं नाही. त्याने दोनदा ढकललं. "बाबा, निघतो," म्हणाला. मी आत रंधा धरून बसलो होतो. उठलो नाही.

आज पाहुणा गेल्यावर ते दार एकट्यानेच बिजागऱ्यांतून काढलं. त्याची खालची कड मी कधी घासलीच नव्हती. घासली, तेल पाजलं, परत बसवलं. मग बाहेर जाऊन ढकलून पाहिलं.

आलीस तर जोर लावू नकोस. एका बोटाने उघडतं.

तुझे बाबा