एका पायावर पडगाहन

कोल्हापूर,
६ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आक्कास,
धाकट्या जयपालचा जय जिनेंद्र.

पर्युषणानंतर क्षमेचं पत्रसुद्धा धाडलं नाही, तेव्हा ती क्षमा आणि या लांबलेल्या अबोल्याची क्षमा एकदमच मागतो. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? फोन करता आला असता, पण आमच्या घरी फोन स्पीकरवरच चालतो, आणि मला जे सांगायचं आहे ते भाग्यश्रीने ऐकू नये असं आहे.

माझे तळवे सपाट, हे तुला ठाऊकच (ओल्या पायांचा ठसा बघून मला बदक म्हणणारी तूच). श्रावणात देवळाच्या पायरीवर तोल गेला, म्हणून डॉ. दीप्तीकडे गेलो. तिने व्यायाम दिले: जमिनीवरचा पंचा बोटांनी गोळा करायचा, बोटं न दुमडता तळव्याची कमान ओढून धरायची, आणि एका पायावर उभं राहायचं. वेळ मिळत नाही म्हटलं, तर म्हणाली, "काका, कुणाची तरी वाट बघत उभं राहताच की, तेव्हा करा." ('काका' मनाला लागलं, पण मी आज्ञाधारक माणूस.)

आता मी वाट बघत उभा राहतो तो आमच्याच दारात, पडगाहनाला, म्हणजे मुनिमहाराजांना आहारासाठी घरात बोलवायला, सोवळ्याचं धोतर नेसून, हातात नारळ ठेवलेला कलश घेऊन. महाराज सकाळी मनाशी कसली खूण धरून आहाराला निघतात ते कुणालाच माहीत नसतं. ती ज्या दारात दिसेल तिथेच थांबतात. भाग्यश्री चातुर्मास लागल्यापासून रोज महाराजांसाठी सोवळ्यात रांधून चौका लावते आहे. तिने डाळिंब ठेवून पाहिलं, दोन नारळ ठेवून पाहिले, आईची पैठणी नेसून पाहिली. महाराज रोज पुढे जायचे, आणि ती आत जाऊन आपलं काय चुकलं ते शोधत बसायची. गुरुवारी वाट बघता बघता मी सवयीने उजवा पाय उचलला. डुललो. तिने झडप घालून कलश धरला, "अहो, पाय टेका की! नारळ पडंल!" आणि वर बघतो तर महाराज आमच्यापुढे थांबलेले.

आहार निर्विघ्न झाला. ती रडली. मग गल्लीभर सांगून आली, की ह्यांचं तप फळाला आलं.

शुक्रवारी सगळी गल्ली एका पायावर. समोरचा सम्मेद (अंगाने भरभक्कम) फाटकाला टेकून हेलकावे खात होता आणि त्याची आई ओरडत होती, "पड की एकदाचा, म्हंजी आमी सुटतो!" महाराज सगळ्यांना ओलांडून कोपऱ्यावरच्या घरी थांबले, जिथे दोन्ही पाय जमिनीवर होते. तरी सम्मेदने मला गाठून हळूच विचारलं, "जयप्या, खरं सांग, कंचा पाय उचललातास? डावा न्हवं?"

आक्का, ते तप नव्हतं, व्यायाम होता. भाग्यश्री मला गुरुवारपासून पहिलं ताट वाढते, वर तूप, आणि मी ते खातो. सांगितलं तर तिचा आनंद जाईल; न सांगावं तर मी कोण?

तुझा,
जयपाल

ता. क. पत्र लिहून झाल्यावर देवळात जाऊन महाराजांपुढे सगळं कबूल केलं. ते हसले. त्यांची खूण होती, एकच कलश नवराबायको दोघांच्या हातात. पाय त्यांना दिसला होता, पण पेटका आला असेल असं वाटलं. म्हणजे पुण्य भाग्यश्रीचं. माझा वाटा फक्त तोल जाण्याचा. हे तिला तू फोनवर सांगशील का? तुझ्या तोंडून तिला गोड लागेल.

ता. क. २. नको, फोन करू नकोस. तिच्या आधी मी बहिणीला सांगितलं असं ती म्हणेल, आणि ते खरंच असेल.

उद्याचं काम: चौक्यातली चूल पेटायच्या आधी भाग्यश्रीला सांगणे.