तुमच्या आजीचं नसलेलं गाणं

बाई, तुमच्याबद्दल एक पान लिहून द्यायला मला सांगितलं आहे. तुमचाच एक जुना विद्यार्थी आता ॲन आर्बरमध्ये शिकवतो. तुमच्या संगीताचा एक कार्यक्रम तो बसवतोय. फोनवर म्हणाला, "जस्ट वन पेज. समथिंग वॉर्म." तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, आणि काही उबदार आठवायला बसले तर डोळ्यांसमोर येतो तुमच्या सिंकचा गार पाण्याचा नळ. दर शनिवारी पियानोला हात लावायच्या आधी तुम्ही मला तिथे उभं करायचात आणि भांड्यांच्या साबणाने दोनदा हात धुवायला लावायचात. "युअर फिंगर्स स्मेल ऑफ लंच." मी दहा वर्षांची होते, पुण्याहून येऊन जेमतेम एक हिवाळा झाला होता. आई तिथेच स्टुलावर कोट न काढता बसलेली असायची, कारण गाडी एकच, ती बाबांकडे, आणि आम्ही दोघी बसने यायचो. तिला इंग्रजी कळत नाही असं तुम्ही ठरवून टाकलं होतं. तिला सगळं कळत होतं. घरी जाताना बसमध्ये ती माझी बोटं स्वतःच्या हातमोज्यात घेऊन बसायची आणि म्हणायची, "शिकवतात चांगलं ना? मग झालं तर."

शिकवत चांगलं होतात, हीच तर पंचाईत आहे. तुम्ही सामान्य असतात तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेले असते. सकाळी बाख, संध्याकाळी हायवेजवळच्या हॉटेलात जॅझ, आणि मध्ये केव्हातरी तुमच्या बल्गेरियातल्या गावची नाचाची गाणी. या तिन्हींची तुम्ही अशी मोट बांधायचात की सांधा कुठे आहे ते शोधून सापडू नये. पण माणूस म्हणून तुम्ही कोत्या होतात. आईने दिलेले स्टीलचे डबे तुम्ही कधी परत केले नाहीत. रिकामा डबा परत करायचा नसतो वगैरे जाऊ द्या, एकात तुमच्या पेन्सिली होत्या आणि एकात मांजराचं खाणं. आईने ते पाहिलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा भरलेला डबा आणला. तेव्हा मला तिचा राग आला होता. खरं तर तो तुमच्यावर यायला हवा होता.

सातात, म्हणजे सात मात्रांच्या ठेक्यात, चालायला मात्र तुम्हीच शिकवलंत. दोन छोटी पावलं आणि शेवटी एक लांब: दोन, दोन, तीन. चपला काढून खोलीभर चालवायचात आणि पाय चुकला की पियानोचं झाकण धाडकन लावायचात. मला ते फारसं अवघड गेलं नाही, कारण आई भाकरी थापताना जे गुणगुणायची तेही सातातच होतं. आई साताऱ्याकडची. ते गाणं तिचं स्वतःचं, कुणाकडून शिकलेलं नाही. शब्द दर वेळी वेगळे: पीठ संपत आलंय, बाहेर बर्फ पडलाय, लेक अजून उठली नाही. चाल तीच. तुमच्या स्टुलावर बसून वाट पाहतानाही ती तेच गुणगुणत असायची.

मी सतरा वर्षांची असताना तुमचा मोठा कार्यक्रम झाला. आईला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही. सभागृहात मी एकटी, आणि तुम्ही तिसरी रचना सुरू केलीत. डाव्या हातात जॅझ, वर उजव्या हातात माझ्या आईची भाकरी. हातातल्या कागदावर छापलं होतं: माझी आजी लोकर कातताना हे गात असे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाहेर तुम्ही माझ्या गालावर थोपटलंत आणि विचारलंत, "आर यू प्रॅक्टिसिंग?" त्यानंतर मी तुमच्या दारात पाऊल ठेवलं नाही. मेलात तेव्हाही आले नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. तुमच्या घराच्या भिंती पातळ होत्या, तुम्ही ते स्वयंपाकघरातून ऐकून उचललंत, हे मी नवऱ्याला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, तुमचं नाव जिथे निघालं तिथे सांगितलं. फक्त आईला सांगितलं नव्हतं.

आई आता आमच्याकडे असते, श्रूजबरीला. गेल्या आठवड्यात मी ठरवलं की ते उबदार पान लिहायचंच नाही. हे गाणं कुणाचं आहे ते लिहायचं, आणि आईचं नाव छापायला लावायचं. ती ऐंशीची झाली आहे, तिच्या डोळ्यांदेखत ते व्हायला हवं. म्हणून ओट्याशी मेथी निवडत बसली होती तेव्हा मी तुमचं रेकॉर्डिंग लावलं. तिने हात थांबवला. शेवटपर्यंत ऐकलं.

"हे तर माझं."

"हो."

"पण उलटं केलंय गं. माझं लांब पाऊल आधी पडतं. भाकरीला पहिला हात जोरात लागतो. बाईंनी ते शेवटी नेलंय." मग म्हणाली, "बाईंनी नुसतं ऐकलं असतं तर असं झालं नसतं. त्यांचा कान पक्का होता."

तिचं बरोबर आहे. तुम्ही ते आईकडून ऐकलंच नव्हतं, बाई. मी तेरा वर्षांची असताना तुम्ही मला स्वतःची एक चाल करून आणायला सांगितलीत. तीन आठवडे मी जे आणलं ते तुम्ही टाकून दिलंत, आई समोर असताना म्हणालात की या मुलीच्या आत काही नाहीच. चौथ्या शनिवारी आई कामावर होती, आणि मी तिची चाल आणली. तुम्हाला आवडावी म्हणून लांब पाऊल मी उचलून शेवटी ठेवलं, तुमच्या गावच्यासारखं. तुम्ही दोनदा वाजवायला लावलंत आणि विचारलंत, "दिस इज युअर्स?" मी हो म्हटलं. त्याच्या पुढच्या शनिवारी, फक्त त्या एकदाच, तुम्ही मला हात धुवायला न लावता पियानोवर बसवलंत. तुम्ही चोरलंत ते एका पोरीचं म्हणून चोरलंत, आणि ते मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.

आईने विचारलं, "मग उलटं कुणी केलं?" मी म्हटलं, बाईंनीच केलं असणार. तिने मान हलवली आणि मेथी पुढे ओढली. कार्यक्रमाच्या पानाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. हे पत्र तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही, आणि पाठवलं असतं तरी तुम्हाला मराठी येत नव्हती. आईला येते. ती उठायच्या आत हे फाडायला हवं.