मंगळवारचं पाणी

८ फेब्रु., रविवार
टाकी धुवायला हे शिडीवर चढले आणि वरच्या पायरीवरून पाय सटकला. डोकं थेट धुण्याच्या दगडावर. मिनिटभर डोळे मिटलेले, माझा जीव गेला. मग उठून बसले आणि शिडीलाच शिव्या. कानाच्या वर लिंबाएवढं टेंगूळ. सासूबाईंनी हळद-चुना लावला. म्हणाल्या, "भाइर आलंय न्हवं, मग आत काय न्हाय." मलाही पटलं. हे चहा पिऊन परत टाकीकडे.

९ फेब्रु.
उद्यमबागला कामावर गेलेच. फौंड्रीत सुट्टी मागायची म्हणजे ह्यांना कमीपणा. चारलाच परत. डोकं ठणकतंय म्हणाले, दोनदा ओकले. कँटीनच्या आमटीवर खापर. पित्ताची गोळी दिली. जेवले नाहीत, दिवेलागणीलाच झोपले.

१० फेब्रु., मंगळ.
मी शाळेतून शिकवून आले तर हे अजून खाटेवर. दिवसभर झोपूनच होते. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, अंगाला आराम.
चहाला उठवलं तेव्हा मजा. मला म्हणाले, "नीर कोडरी." फौंड्रीतले साहेब पाणी मागतात त्याची नक्कल, हे नेहमीच करतात. एरवी आमच्या येळ्ळूरच्या घरात कानडी शब्द काढला तर ह्यांच्या कपाळाला आठ्या. मीही ठसक्यात म्हटलं, "इल्ल री." नाही हो. परत मागितलं, परत "इल्ल री." आमची पोरगी रेवती हसून लोळायची बाकी. तिसऱ्यांदा मागितल्यावर सासूबाईंनी तांब्या दिला, तो हातातून निसटला. नजर जरा वेगळी वाटली. कणकण असेल. वह्या तपासायच्या राहिल्यात.

१२ फेब्रु., दवाखाना, बेळगाव
काल सकाळी हाका मारल्या, उठेनात. एका डोळ्याची बाहुली मोठी, डावा हात लुळा. शेजाऱ्यांच्या गाडीतून आणलं. डोक्यात रक्त साचलेलं. दुपारी ऑपरेशन. अजून शुद्ध नाही.
डॉक्टरांनी विचारलं, बोलण्यात फरक कधीपासून? मी म्हटलं, आज सकाळपासून.
का म्हटलं असं? रेवती बाजूलाच होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

१४ फेब्रु.
सासूबाई हळद-चुन्यावरून स्वतःला बोल लावतात. त्यांचं चुकलं ते भोळेपणानं. माझं तसं नाही. नक्कल करताना हे डोळा मारतात. मंगळवारी मारला नव्हता. परक्या बाईला मागावं तसं आदराचं 'री' लावून पाणी मागत होते, आणि ते मला दिसलं होतं. दिसूनही आणखी एकदा 'इल्ल री' म्हटलं, पोरगी हसत होती म्हणून.
पाण्याचा पेला हातात घेतला की तो आवाज...

१७ फेब्रु.
शुद्धीवर आले. छताकडे बघतात.
डॉक्टरांना खरं सांगितलं. ओकाऱ्या, झोप, मंगळवारचं बोलणं, सगळं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. लिहून घेतलं फक्त. म्हणाले, "टेंगूळ बाहेर आलं म्हणून आत काही नाही, असं नसतं. मार लागल्यावर बेशुद्धी, ओकारी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवून न उठणं, बोलण्यात घोळ, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच घटकेला निघायचं."
विचारलं, मंगळवारी आणलं असतं तर?
"सांगता येत नाही, बाई."
डॉक्टरांना खरं सांगितलं, हे रेवतीलाही सांगितलं. ती म्हणाली, मीपण हसले होते.

२१ फेब्रु.
दोन दिवस झाले बोलतात. मराठीच. सासूबाईंना "आई" म्हणाले, त्या ढसाढसा रडल्या. रेवतीचं नाव घेतलं. माझं नाही. म्हटलं, दमले असतील.
दुपारी सासूबाई जेवायला खाली गेल्या होत्या. मी ह्यांचं तोंड पुसत होते. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुमी लई करताय माजं. तुमचं कोण हाय हितं?"
म्हटलं, "नवरा."
"लागलंय?"
"व्हय. शिडीवरून पडले."
त्यांनी चांगला हात माझ्या हातावर ठेवला. "हुतील बरे. काळजी करू नगा."
मी म्हटलं, बरं.