गुलाबी कागदावरचं शेवटचं पान

अप्पा, काल माळा आवरताना तुमच्या खेळाचं एक पाकीट सापडलं. साडीच्या दुकानातली पारदर्शक पिशवी, तोंडाला पिना, आत सिद्धगडाचा नकाशा, दोन फासे आणि कागद. पिना गंजल्यात. उघडायचा धीर झाला नाही.

तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मुंबईहून तो परदेशी खेळाचा खोका आणून दिला, तेव्हा मी आठवीत होते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं होऊन आपण काय करणार ते बोलायचं. आई म्हणाली, "मास्तरांचं एवढंच ऱ्हायलं होतं." तुम्हाला मात्र खोक्याची मांडणीच फार आवडली. सांगणाऱ्याची वही वेगळी, सगळी गुपितं तिच्यात. खेळणाऱ्यांना एकेक पान, ज्याला जेवढं ठाऊक तेवढंच. "गोष्ट एक, पण खेळणाऱ्या कुणाच्याच हातात अख्खी नाही," असं तुम्ही शाळेत, एसटीत, जेवताना सांगत सुटायचात. मग आपल्याकडच्या मुलांसाठी तुम्ही सिद्धगडावर हरवलेल्या गुराख्याची गोष्ट रचलीत. ती छापली प्रेसवाल्या काकांनी, तुमच्या लहानपणापासूनच्या दोस्ताने. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मशीन मोकळंच होतं. सांगणाऱ्याची पानं पांढरी आणि खेळणाऱ्यांची गुलाबी, पत्रिकांच्या उरलेल्या कागदावर.

पाकिटं भरायचं काम माझं. गठ्ठे देताना काका म्हणाले, "पांढरा कागद संपला गो. सांगणाऱ्याच्या वहीचं शेवटचं पान गुलाबीवर काढलंय. रंगावर जाऊ नको, वाचून भर." मी मान हलवली. मैत्रिणी म्हसा गावच्या जत्रेला जायला दारात उभ्या होत्या. गुलाबी दिसलं की खेळणाऱ्यांच्या घडीत, असं करत मी तासाभरात मोकळी झाले.

मुरबाडच्या एका शाळेत तुम्ही पहिल्यांदा खेळ मांडता, मी शेजारी बसले आहे. तुम्ही आवाज खाली घेता. गुराखी दिसत नाही, गावचा वाटाड्या पुढे चालतोय, वाट दाट झाडीत शिरतेय. पुढच्या बाकावरची मुलगी कागद वर धरते आणि म्हणते, "गुरुजी, ह्या वाटाड्यानंच त्याला लपवलाय. हितं लिवलंय, नाय का?" सगळी मुलं आपापली पानं उलटून बघतात. कुणी हसत नाही. तुम्ही नकाशाची घडी घालता, आणि ती नीट पडत नाही म्हणून पुन्हा घालता.

परतताना एसटीत तुम्ही विचारलंत, "शेवटच्या पानाचं काकांनी काही सांगितलं नव्हतं?" मी म्हणाले, "नाही."

त्याच संध्याकाळी तुम्ही प्रेसमध्ये गेलात, मी मागोमाग. "एवढं एक वाक्य पोरीला सांगायला काय झालं होतं रे तुला?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. शाईचे हात फडक्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हायलं असंल रे माझ्याकडून." मी जमिनीकडे बघत होते. त्यानंतर तुम्ही दोघं कधी बोलला नाहीत, आणि तुम्ही खेळाचं नावही काढलं नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी काका आले होते. अंगणात पाऊल न टाकता रस्त्यापलीकडे उभे राहिले, आणि तुम्हाला नेताना सगळ्यात मागून चालले. तेव्हाही मी त्यांच्याजवळ गेले नाही. अप्पा, मला त्या दिवशी तुमच्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त रडू येत होतं.

आता असे खेळ सायबर कॅफेत उतरवून घेता येतात. सांगणाऱ्याची फाइल वेगळी, खेळणाऱ्यांची वेगळी. तुम्ही बघायला हवे होतात.

हे पाठवायला आता तुमचा पत्ता नाही, म्हणून लिहायला सोपं गेलं. काका अजून आपल्या शहापुरातच आहेत. प्रेस बंद झाली, पण संध्याकाळी तिथल्याच ओट्यावर बसतात. बाजारात जायची आपली वाट तिथूनच आहे. मी लांबच्या वाटेने जाते.