मला नापास करून मिळावे

प्रति,
मा. प्राचार्य,
सागरतीर कला व वाणिज्य महाविद्यालय,
मुरुड, जि. रायगड.

अर्जदार : सौ. नीराबाई शिवदास नाखवा, प्रथम वर्ष वाणिज्य,
मु. एकदरा, ता. मुरुड.

विषय : वित्तीय लेखांकन या विषयात मला दिलेले नऊ कृपागुण परत घेऊन मला नापास करणेबाबत व पुनर्परीक्षेच्या जादा वर्गात बसू देणेबाबत.

संदर्भ : १) जादा वर्गाची सूचना फलकावरील नोटीस.
२) कार्यालयातील बाळाजी भाऊसाहेबांशी खिडकीत झालेले बोलणे (तोंडी).

महोदय,

१. मी आपल्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी असून माझे वय सदुसष्ट आहे. वय आधीच सांगण्याचे कारण असे की मागच्या खेपेस बाळाजी भाऊसाहेबांनी माझा अर्ज "नातीला स्वतः यायला सांगा, आजी" असे म्हणून खिडकीतून परत दिला होता. हा अर्ज नातीचा नाही. मला नात नाही. दोन नातू आहेत, पण त्यांपैकी एकही वाणिज्यला गेला नाही, याचे मला वाईट वाटते. मला अक्षरे पन्नाशीनंतर आली. आधी बाजारातल्या पाट्या, मग एस.टी.च्या पाट्या, मग सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी आणि बारावी. बारावीला मी दोनदा बसले. म्हणजे नापास होणे मला नवीन नाही आणि त्याने माझ्या तब्येतीला काही होत नाही, हे आपण मनात ठेवून पुढचे वाचावे.

२. वित्तीय लेखांकन हा विषय मला फार आवडतो. सुचिता मॅडमनी पहिल्या दिवशी फळ्याच्या मधोमध रेघ मारली आणि सांगितले की जगातला प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकदा नावे आणि एकदा जमा; एका बाजूने काही आले तर दुसऱ्या बाजूने काही गेलेच पाहिजे. मी इतकी वर्षे मासळी विकली, पण हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी मी होडीतून खाडी ओलांडून घरी गेले ती हवेत तरंगतच. घरी पोचल्यावर मालकांना चहा दिला आणि लगेच लिहिला : शिवदास यांचे खाते नावे, चहा खाते जमा. मालक म्हणाले, "म्हातारे, चहा मी प्यालो तर मीच नावे व्हय? आन् माझा घसारा किती काढलास, तो पण सांग." मी सांगितले की तुमचा घसारा पुरा झाला, आता फक्त भंगार मूल्य उरले आहे. त्यावर ते इतके खूश झाले की त्यांनी जेट्टीवर जाऊन सगळ्यांना सांगितले. आता बंदरावरचा प्रत्येक नवरा बायकोला आपला घसारा विचारतो. आपल्या महाविद्यालयाचे शिक्षण गावात कुठवर पोचले आहे हे कळावे म्हणून लिहिले.

३. आता परीक्षेबद्दल. वित्तीय लेखांकनाच्या पेपरात विनेश नावाच्या एका किराणा दुकानदाराची अंतिम खाती तयार करायची होती. खाली सूचना होती की मालकाने दुकानातील काही माल घरखर्चासाठी नेला, त्याची नोंद करा. याची नोंद दोन ठिकाणी होते हे मला पाठ होते. माल गेला म्हणून खरेदीतून वजा करायचा, आणि मालकाने नेला म्हणून त्याच्या नावे उचल लिहून भांडवलातून वजा करायचा. पहिली नोंद मी केली. दुसरी नोंद करायला माझा हात धजला नाही.

याचे कारण आपणास सांगणे जरूर आहे, कारण आपण घाटावरचे आहात. आमच्याकडे बोट किनाऱ्याला लागली की लिलाव पुकारण्याआधी कालवणाचे मासे निघतात. खलाशी नेतो, जाळे शिवणारा नेतो, होडीला हात लावायला आलेला नेतो, नवरा दर्यात गेलेली बाई टोपली घेऊन नुसती उभी राहिली तरी तिला मिळतात. ते कोणी मोजत नाही. मोजले तर तो माणूस हलका समजला जातो. माझ्या सासूने एकदा बोट चालवणाऱ्या एका नव्या तांडेलाला कालवण मोजताना पाहिले, तेव्हा त्याला भर बंदरात म्हणाली, "मोज रे मोज, उद्या शितं पण मोजशील!" तो पुढे बोटच विकून आगरदांड्याला गेला. असे असताना, बिचाऱ्या विनेशने घरी दोन वेळचे धान्य नेले ते त्याच्या नावावर मी कशी टाकू? मी ते सोडून दिले.

मग अर्थात ताळेबंद जुळेना. मालमत्तेची बाजू कमी पडली आणि नेमकी तेवढीच कमी पडली. वेळ संपत आली होती. तेव्हा मी मालमत्तेच्या बाजूला एक ओळ वाढवली : "दर्याकडून येणे". आणि तेवढी रक्कम लिहिली. दोन्ही बाजू जुळल्या! महोदय, ताळेबंद जुळल्याचा आनंद आपण कधी घेतला असेल तर आपल्याला कळेल. मी मोठ्याने हसले. शेजारच्या बाकावरची अमिषा दचकली, तिची पट्टी खाली पडली, आणि पर्यवेक्षकांनी मला पाणी आणून दिले.

पेपर तपासून झाल्यावर मॅडमनी तो मला दाखवला. त्या ओळीखाली लाल शाईने लिहिले होते, "किराणा दुकानाचे दर्याकडे काय येणे? वसुली कधी?" मॅडमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. त्या प्रश्नाला मला भोपळा मिळाला आणि एकूण एकतीस गुण झाले. पास होण्यास चाळीस लागतात. माझी तक्रार नाही.

४. माझी तक्रार पुढची आहे. निकाल लागला तेव्हा माझ्या नावापुढे "उत्तीर्ण" होते. मला वाटले चूक झाली. गुणपत्रिका नीट पाहिली तर एकतीस, पुढे अधिक नऊ, आणि वर चांदणी. बाळाजी भाऊसाहेबांना विचारले तर ते म्हणाले, "अहो आजी, साहेबांनी तुमच्या वयाकडे बघून दिलेत. मिळालेत ते घ्या की गुपचूप!" महोदय, ते नऊ गुण माझ्या खात्यात जमा झाले, पण कोणाच्या नावे टाकले? एका बाजूने आले तर दुसऱ्या बाजूने गेलेच पाहिजेत. मी वर्गात सगळ्यांना विचारले, कोणाचे गेलेले नाहीत. हितेशचे दोन गुण कमी पडले आणि तो नापास झाला, त्याचे वय एकोणीस आहे. त्याला मी म्हटले, थांब, सदुसष्टचा हो. तो म्हणाला, "आजी, तोवर सिलॅबस बदलेल."

त्यानंतर आपण सभागृहात माझा सत्कार केलात. "जिद्दीचा विजय" असे आपण बोललात तेव्हा मला उठून खरे सांगायचे होते, पण पोरांनी इतक्या शिट्ट्या वाजवल्या की मला हसू फुटले आणि ते राहून गेले. शाल सोबत परत करीत आहे. नारळ परत करता येत नाही, तो त्याच संध्याकाळी कोळंबीत पडला.

५. आता या अर्जाचे मूळ कारण. सत्काराचा फोटो गावात फलकावर लागला. तो पाहून आमच्या सुक्या मासळीच्या महिला बचत गटाने मला खजिनदार केले. गटाच्या अध्यक्षा येसूबाई म्हणाल्या, "आपली नीरा अकौंटात पास झाली, आता हिशेबाला बाहेरचा मेहता कशाला?" टाळ्या वाजल्या. मी नको म्हणत होते, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू आले नाही.

पण तो बाहेरचा मेहता जाता जाता सांगून गेला की गटाच्या खोलीतली सुकट आणि बोंबील कागदावरच्यापेक्षा बरेच कमी आहेत, म्हणजे कोणीतरी चोरते. खोलीची चावी जागृतीकडे असते. ती बाविशीची पोर, बाप नाही, याच कामावर घर चालते. आता सगळ्या तिच्याकडे बघून कुजबुजतात. ती आपली हसण्यावारी नेते. म्हणते, "एवढं सुकट मी खाल्लं असतं तर अशी काडी राहिले असते का गो, आये?" पण परवा मी तिला खोलीच्या मागे एकटीला बसलेली पाहिली, तेव्हा ती हसत नव्हती. बावीस फेब्रुवारीला गटाची सभा आहे. त्या सभेत तिची चावी काढून घ्यायचे ठरते आहे.

मला पेपरातल्या विनेशची आठवण झाली आणि मी रस्त्यातच उभी राहिले. कारण आम्ही सगळ्याच बायका संध्याकाळी वाळवणाच्या वलांडीवरचे बोंबील काढून वहीत लिहून झाले की घरच्या कालवणापुरते पदरात घेतो. रोज. सगळ्या. मीसुद्धा. ते कोणी मोजत नाही. खोलीतला माल गेला तो तिकडे! मी येसूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मूठभर सुकटीनं पोती रिकामी व्हतात व्हय? तू शिकलीस ना, मग कागदावर दाखव!" मी कागद घेऊन बसले. सगळे मांडले आणि शेवटी पुन्हा बाजू जुळेना. या खेपेस दर्याचे नाव घालण्याचा मोह मी आवरला आहे.

६. सुचिता मॅडम सोमवारपासून नेमका हाच भाग, उचल आणि समायोजना, जादा वर्गात पुन्हा पहिल्यापासून शिकवणार आहेत. मी नाव द्यायला गेले तर बाळाजी भाऊसाहेबांनी नोटीस दाखवली की हा वर्ग फक्त नापास विद्यार्थ्यांसाठी आहे. मी म्हटले, मी नापासच आहे. ते म्हणाले, "कागदोपत्री तुम्ही पास आहात." मी म्हटले, मग कागद बदला. ते म्हणाले, "आजी, पास करून द्या म्हणून लोक माझ्या घरी येतात, तुम्ही जगावेगळ्या आहात, लेखी द्या." म्हणून लेखी देत आहे. हितेशला त्या वर्गात जागा मिळाली आहे. तो मला चिडवतो, "आजी, थोडा कमी अभ्यास करायचा होता ना."

७. तरी आपणास विनंती की माझे नऊ गुण जिथून आले तिथे परत पाठवावेत, मला एकतीस गुणांवर नापास जाहीर करावे आणि सोमवारच्या वर्गात बसू द्यावे. नियमात ते बसत नसेल तर निदान बाहेरच्या व्हरांड्यात बसण्याची परवानगी असावी. मॅडमचा आवाज मोठा आहे आणि खिडकी ठेंगणी आहे. मात्र हे ऐकून येसूबाई आणि गटातल्या आणखी काही जणीही माझ्यासोबत येतो म्हणतात. त्या आयुष्यात कोणत्याच परीक्षेला पास झालेल्या नसल्याने त्यांना नोटीस आडवी येणार नाही. त्या हळू बोलतील असे मी लिहून देऊ शकत नाही. म्हणून मला एकटीलाच आत घेणे महाविद्यालयाच्या सोयीचे होईल, असे मला नम्रपणे वाटते.

पुनर्परीक्षेत मी पास होईन की नाही ते सांगता येत नाही. नापास झाले तर पुन्हा बसेन. पण बावीस तारखेच्या सभेत मी उभी राहून, कोणी घरी काय नेले त्याची नोंद वाचणार आहे. पहिले नाव येसूबाईंचे नाही आणि जागृतीचे तर नाहीच. पहिले नाव नीराबाई शिवदास नाखवा असेल. माझे वाचून झाले की बाकीच्या आपापले सांगतील, इतक्या वर्षांत मी त्यांना ओळखते. फक्त ते नाव कागदाच्या कोणत्या बाजूला लिहायचे, एवढे मला त्याआधी पक्के कळले पाहिजे.

नापास होण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र विद्यार्थिनी,

नीराबाई शिवदास नाखवा
(सही स्वतः केली आहे. अंगठा नाही.)

एकदरा, दि. ६ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) गुणपत्रिकेची झेरॉक्स, चांदणीभोवती गोल केला आहे.
२) शाल, धुऊन.
३) गटाचा न जुळलेला ताळेबंद. हा सुचिता मॅडमना द्यावा. लाल शाई भरपूर वापरावी, राग नाही.